शब्द टाकला, आता पुढे काय? ओळखीतून आलेल्या गिऱ्हाइकाचा पाठपुरावा



गेले काही दिवस जेटीवर एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते आहे. "अमक्याने हॉटेलवाल्याची ओळख करून दिली, फोनही केला, तो 'पळोवया' म्हणाला आणि पुढे काहीच नाही." कुणाला बर्फ कारखान्याच्या मालकाने नंबर दिला, कुणाला मेहुण्याने, कुणाला बँकेतल्या साहेबांनी. नंबर मोबाइलमध्ये पडून आहे, मासळी मात्र पहाटेच्या लिलावात एजंट सांगेल त्या दराने जाते आहे. म्हणून आजचा धडा याच विषयावर. ओळख मिळाल्यापासून पहिली पेटी हॉटेलच्या मागच्या दाराशी उतरेपर्यंत आपण काय करायचं, काय टाळायचं.

आधी ही ओळख एवढी मोलाची का, ते बघू. जुलै २०१८ आठवतो ना? मडगावच्या घाऊक बाजारात फॉर्मेलिनची तपासणी झाली, गोवाभर गोंधळ उडाला आणि बाहेरून येणारी मासळी सरकारने १५ दिवस बंद ठेवली. तेव्हापासून हॉटेलवाला दराच्या आधी "माल कुठला?" हे विचारतो. अनोळखी माणूस क्रेट घेऊन दारात उभा राहिला तर वॉचमनच त्याला परत पाठवतो. अशा वेळी त्याच्या विश्वासातला माणूस म्हणतो, "ही माणसं माझ्या ओळखीची आहेत, एकदा बोलून बघा." याला आपण शब्द टाकणं म्हणतो. त्या माणसाने वर्षानुवर्षं कमावलेली पत आपल्याला थोडे दिवस वापरायला दिलेली असते. आपला माल खराब निघाला तर हॉटेलवाला आपल्याला विसरून जाईल, पण बर्फवाल्या काकांना तो पुढे दहा वर्षं ऐकवत राहील. पाठपुरावा करताना ही गोष्ट सतत डोक्यात हवी.

आता कामाचं. नंबर मिळाला की लगेच गिऱ्हाइकाला फोन लावू नका. पहिला फोन ओळख करून देणाऱ्याला. पाच मिनिटं पुरतात. तुमची आणि त्यांची ओळख कशी? आमच्याबद्दल तुम्ही नेमकं काय सांगितलंत? सध्या माल कुणाकडून घेतात आणि त्यात अडचण काय आहे? खरेदीचं कोण बघतं, मालक, शेफ की घरातल्या वहिनी? तुमचं नाव घेतलं तर चालेल ना?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चांगल्या मनाची माणसं आपल्यासाठी जरा जास्तच बोलतात. "रोज ताजं पापलेट देतात हो" असं सांगून ते मोकळे होतात. आपल्या होड्यांना मिळतात बांगडे, तारले, मधेच एखाद-दुसरी इसवण, नशीब असेल तर चणक. हॉटेलवाला पापलेटच्या आशेवर बसलेला असतो आणि आपण बांगड्याचा दर सांगतो. तिथेच गाडी अडते. म्हणून पहिल्याच बोलण्यात सरळ सांगून टाकायचं: "काकांनी प्रेमाने सांगितलं असेल, पण पापलेट आमच्याकडे रोज नसतं. बांगडा आणि तारले बहुतेक दिवशी असतात. इसवण मिळेल त्या दिवशी आधी तुम्हाला कळवू." हे ऐकून गिऱ्हाईक पळून जात नाही. उलट त्याला वाटतं, चला, हा तरी खरं बोलतो.

गिऱ्हाइकाला फोन त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. शब्द टाकल्यावर चार-सहा दिवस गेले की त्याला ते नावही आठवत नाही, आणि "कोण काका?" असं विचारलं की आपला आवाज आपोआप पडतो. वेळही सांभाळायची. हॉटेलच्या शेफला दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर फोन केलात तर तो काही तुमचं ऐकणार नाही. चुलीवर कढई आणि बाहेर गिऱ्हाईक. सकाळी साडेदहाच्या आसपास किंवा दुपारी चारनंतर तो जरा टेकलेला असतो. छोट्या खानावळीचं वेगळं. तिथली खरेदी सकाळी सातच्या आत होऊन जाते, त्यामुळे नवीन माणसाशी बोलायला त्यांना दुपारची जेवणं आटोपल्यावरच सवड मिळते. आणि सोमवारी बघा. गोव्यात बऱ्याच घरांत सोमवारी मासळी नसते, खानावळीतही गर्दी कमी असते. नवीन ओळखीचा फोन करायला सोमवार आम्हाला सगळ्यात बरा वाटतो.

हल्ली बरेच जण व्हॉट्सॲपवरच दोघांना एकत्र जोडून देतात. "हे अमुक शेठ, ही आमची सोसायटीची माणसं, बोलून घ्या." तिथे उत्तर द्यायला तासन्‌तास लावू नका. पण सगळा सौदाही तिथेच मांडू नका. दर आणि वजनाच्या घासाघिशीत त्या मधल्या माणसाला कशाला बसवून ठेवायचं? तिथे आभार मानायचे आणि पुढचं बोलणं वेगळं काढायचं. साधारण असं लिहा:

"काका, आभारी आहोत. शेठ, नमस्कार. आम्ही मच्छीमार सोसायटीतून. तुमच्याकडे रोज थाळीला बांगडा लागतो असं काकांकडून कळलं. उद्या दुपारी चार वाजता फोन केला तर चालेल का? फोनवर नको असेल तर आम्हीच येऊन भेटतो."

बस्स. सोसायटीचा इतिहास, किती होड्या, किती सभासद, अध्यक्षांचा फोटो, यातलं काही पाठवायचं नाही. वेळ मागितली आहे ना, मग ठरल्या वेळी फोन करायचा. चारचे साडेचार झाले तर त्याला वाटणार, मासळी पण अशीच येणार.

भेटायला गेलात तर ऑर्डर मागू नका, स्वयंपाकघर समजून घ्या. थाळीत कोणत्या आकाराचा मासा बसतो? किलोला आठ-दहा येतात असा बांगडा थाळीला चालतो. त्याहून मोठा आला तर मालकाला परवडत नाही, लहान आला तर गिऱ्हाईक कुरकुर करतं. साफ करून हवा की अख्खा? फ्रीजमध्ये जागा किती? माल उतरवायला माणूस सकाळी किती वाजता हजर असतो? आपल्यातल्या ज्या बहिणी बाजारात बसून मासळी विकतात, त्यांना हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत. गिऱ्हाइकाचा हात कोणत्या माशाकडे जातो ते त्या नजरेनेच ओळखतात. भेटीला जाताना त्यांच्यापैकी एकीला बरोबर न्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. होडीवाला माणूस समुद्राबद्दल छान बोलतो, पण विक्रीचं बोलणं त्यांना जास्त जमतं.

दर सांगताना मात्र एक हिशेब कागदावर मांडून न्या. समजा इसवण आपण ८०० रुपये किलोने सांगितली. ५ किलोची इसवण ४००० रुपयांची झाली. डोकं, शेपूट, आतडी काढल्यावर समजा सव्वातीन किलो तुकडे उरले. म्हणजे तव्यावर जाणारा तुकडा किलोला १२३० रुपयांच्या घरात पडला. त्याचा जुना पुरवठादार साफ केलेले तुकडे ११५० रुपयांनी देत असेल, तर मालकाला फोनवर आपण स्वस्त वाटतो आणि चार दिवसांनी शेफ वजन करून दाखवतो तेव्हा आपण लबाड ठरतो. लबाडी कुणीच केलेली नसते, पण शब्द टाकणाऱ्याला ऐकून घ्यावं लागतं. म्हणून अख्ख्याचा दर आणि साफ केलेल्याचा दर, दोन्ही सांगायचे, तेही लिहून.

नमुना द्यावा का, हे बरेच जण विचारतात. द्यावा, पण फुकट नको आणि निवडलेलाही नको. फुकट दिलेली मासळी आपण हमखास पेटीतली सगळ्यात चांगली काढून देतो. हॉटेलवाल्यालाही हे माहीत असतं, त्यामुळे त्यावर तो विश्वास ठेवत नाही. साध्या दिवसाचा साधा माल दोन-तीन किलो द्या, नेहमीच्या दराने बिल करा आणि सांगा, "पसंत नसेल तर पैसे देऊ नका." मासळीइतकाच बर्फ पेटीत हवा, खाली आणि वर दोन्हीकडे. बिलावर सोसायटीचा एफएसएसएआय क्रमांक असायलाच हवा. मोठ्या हॉटेलचा पर्चेस मॅनेजर आधी तोच बघतो.

आणि त्याच संध्याकाळी ओळख करून देणाऱ्याला दोन ओळी: "काका, आज शेठना भेटलो. मंगळवारी नमुना नेणार आहोत." हे नव्वद टक्के लोक करत नाहीत. मग काका आणि शेठ कुठल्यातरी लग्नात भेटतात, शेठ विचारतात, "तुमची ती माणसं काय करतात?" आणि काकांना काहीच ठाऊक नसतं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ते म्हणजे "पळोवया".

मराठीत "बघतो, सांगतो", कोकणीत "पळोवया". अर्थ एकच, आणि तो नेहमी नकार नसतो. तो गप्प का आहे, हे ओळखायला शिकलं पाहिजे. बऱ्याचदा जुन्या पुरवठादाराची उधारी डोक्यावर असते. महिन्या-दोन महिन्यांचे पैसे चुकते केल्याशिवाय त्याला सोडता येत नाही, आणि हे तो तुम्हाला कधीच सांगणार नाही. कधी मालकाला आपण हवे असतो पण शेफ जुन्या माणसाशी बांधलेला असतो. कधी श्रावण तोंडावर असतो. कधी तर नुसता विसरतो, कारण त्याच्या डोक्याला शंभर व्याप आहेत आणि आपण त्यातले एकशे एकावे.

अशा वेळी "काय झालं शेठ? विचार केलात का?" असं विचारत राहिलात तर चौथ्या वेळी तो फोन उचलणं बंद करतो. त्याच्या जागी आपण असतो तर तेच केलं असतं. दर वेळी काहीतरी नवीन, त्याच्या कामाचं घेऊन जायचं. नमुन्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक फोन: बांगडा कसा वाटला, आकार ठीक होता का? मग आठवड्याने एक निरोप: "आज रापणीला तारले चांगले मिळाले, दर उतरला आहे. हवे असतील तर आठपर्यंत सांगा." सोबत त्याच सकाळचा फोटो; मागच्या महिन्यातला ठेवणीतला फोटो पाठवू नका, मासळीचं काम करणारा माणूस डोळ्याचा रंग बघून ताजी-शिळी ओळखतो. त्यानंतर पंधरा दिवस थांबा. मग एक सरळ प्रश्न, ज्यात त्याला मान राखून नाही म्हणता येईल: "शेठ, सध्या तुमची सोय झालेली असेल तर निःसंकोच सांगा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

इतकं झाल्यावर त्याने नाही म्हटलं, तर एक शेवटचं वाक्य बोलायचं, आणि आमच्या मते या सगळ्या धड्यातलं हे सगळ्यात उपयोगी वाक्य आहे: "ज्या दिवशी तुमचा माणूस येणार नाही, त्या दिवशी आम्हाला फोन करा."

असा दिवस येतोच. पुरवठादाराचा टेम्पो बंद पडतो, त्याच्या घरी कुणी आजारी पडतं, तो मोठ्या हॉटेलला माल देऊन छोट्याला तोंडावर पाडतो. शनिवारी सकाळी सहा वाजता शेठचा फोन येतो, "वीस किलो बांगडा मिळेल का?" आता खरी परीक्षा. तो अडचणीत आहे हे आपल्याला माहीत आहे आणि चढा दर लावायचा मोह होतो. आपल्यातल्या काहींनी तसा लावलाही आहे. वीस किलोवर चार पैसे जास्त मिळाले आणि गिऱ्हाईक कायमचं गेलं, शिवाय ओळख करून देणाऱ्याने पुढे कुणापाशीच शब्द टाकला नाही. त्या दिवशी जेटीवर जो दर असेल तोच लावा आणि माल वेळेत पोचवा. आज ज्यांची हॉटेलं पक्की आहेत त्या सभासदांना विचारून बघा, त्यांच्यापैकी कितीतरी जण आधी असे अडीनडीचे पुरवठादारच होते.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. गिऱ्हाईक गप्प बसलं म्हणून ओळख करून देणाऱ्याकडे तगादा लावायचा नाही. "काका, जरा बोला ना त्यांना, फोन उचलत नाहीत" असं म्हटलं की काकांची पंचाईत होते. त्यांनी दार उघडून दिलं, आत ढकलत न्यायचं काम त्यांचं नाही. त्यांना खबर द्यायची, चांगली असो की वाईट. "काका, शेठची सध्या सोय आहे म्हणाले, काही हरकत नाही, तुम्ही बोललात हेच खूप." हे ऐकल्यावर काका स्वतःच दुसरं नाव सुचवतात, असा अनुभव आहे.

ओळखीचा मोबदला काय द्यावा? यावर सोसायटीत दोन मतं आहेत, आमचं सांगतो. बाहेरच्या माणसाला, म्हणजे टेम्पोवाल्याला, बर्फवाल्याला, किलोमागे ठरावीक रक्कम द्यायची असेल तर ती उघड ठरवा, वहीत लिहा आणि गिऱ्हाइकाला कळली तरी चालेल अशी ठेवा. नातेवाइकाला पैसे देऊ केले तर तो दुखावेल. त्याच्या घरी एखाद्या दिवशी बांगड्याचा वाटा पाठवा, तेवढं पुरतं. पण हॉटेलच्याच नोकराने गुपचूप हिस्सा मागितला तर नाही म्हणा. मालकाच्या पाठीमागे दिलेला पैसा शेवटी मालकाच्याच बिलातून निघतो. ते उघडकीला येतं त्या दिवशी त्या नोकराबरोबर आपणही बाहेर, आणि गावभर नाव सोसायटीचं होतं.

उधारीचं थोडक्यात. ओळखीचा आहे म्हणून तोंडी ठेवू नका. सात दिवस तर सात दिवस, पण पहिल्याच बिलावर लिहा. पैसे थकले तर मधल्या माणसाकडे मागायला जाऊ नका. त्याने ओळख दिली आहे, जामीन राहिलेला नाही.

बेळगावच्या ओळखींबद्दल वेगळं सांगायला हवं. तिकडे आपली सोयरीक पुष्कळ आहे, त्यामुळे "आमच्या भावोजींच्या मित्राची खानावळ आहे" अशा ओळखी बऱ्याच येतात. पण तिथला मालक जेटीवर येऊन मासळी बघू शकत नाही, सगळा व्यवहार भरवशावर. चोर्ला घाटातून माल किती वाजता निघेल, पेटीत बर्फ किती, पोचल्यावर उतरवून कोण घेईल, हे पहिल्याच फोनमध्ये सांगा. पावसात घाट कधी अडेल याचा नेम नसतो, तेही आधीच सांगून ठेवा. माल निघाला की गाडीचा फोटो आणि चालकाचा नंबर लगेच पाठवायचा. नात्यातून आलेल्या गिऱ्हाइकाला "आपलाच माणूस आहे, समजून घेईल" असं धरून चालणं महागात पडतं. तो समजून घेतो, पण पुढच्या वेळी मागवत नाही, आणि सणाला भेटल्यावर भावोजी गप्प गप्प असतात.

होड्या गेल्या नाहीत तर आदल्या संध्याकाळीच कळवा. "उद्या वारा आहे, माल नाही" हा निरोप रात्री आठला मिळाला तर शेफ दुसरी सोय करू शकतो. सकाळी सातला मिळाला तर तो काय करणार? नवीन गिऱ्हाइकाला तर हे दोनदा कळवा, एकदा निरोप आणि एकदा फोन.

तसंच बंदीचं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आपले ट्रॉलर किनाऱ्याला. मे महिन्यात मिळालेली ओळख या दोन महिन्यांत हमखास वाया जाते, कारण आपण म्हणतो "ऑगस्टमध्ये बघू" आणि ऑगस्टमध्ये त्याचा दुसरा कुणीतरी ठरलेला असतो. मेमध्ये ओळख झाली तर मेमध्येच भेटून या. बंदी आहे, माल देता येणार नाही, हे मोकळेपणाने सांगा आणि विचारा, ऑगस्टपासून तुम्हाला कोणता मासा किती लागेल? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक फोन, होड्या पाण्यात उतरल्या की दुसरा. मात्र श्रावण आणि चतुर्थी लक्षात ठेवून बोला. ऑगस्टमध्ये मागणी कमी दिसली म्हणून निराश होऊन फोन सोडून देऊ नका. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरपासून चढतो, आणि हॉटेलवाले आपले पुरवठादार त्याच्या आधीच ठरवतात.

शेवटी वहीचं. एका गिऱ्हाइकाशी एकानेच बोलायचं. याच हंगामात एका हॉटेलला आपल्याच दोन सभासदांनी एकाच दिवशी दोन वेगळे दर सांगितले, आणि मालकाने दोघांना एकमेकांसमोर धरून तिसराच दर पाडून घेतला. त्यामुळे ओळख मिळाली की सोसायटीच्या वहीत नोंद करा: गिऱ्हाईक कोण, शब्द कुणी टाकला, कुणी बोलायचं, शेवटचं बोलणं कधी झालं आणि काय ठरलं. वहीची रिकामी पानं छापून कार्यालयात ठेवली आहेत. सकाळी लिलाव आटोपला की येऊन घेऊन जा. ज्यांच्या मोबाइलमध्ये असे नंबर पडून आहेत, त्यांनी या आठवड्यात ते घेऊन या, कुणाला कधी फोन करायचा ते एकत्र बसून ठरवू. ग्रुपवर मात्र हॉटेलांची नावं टाकू नका, एजंटही ग्रुप वाचतात.